दुपारी बंद पडणारा कॉम्प्युटर

तन्वीरनं सीपीयूच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि मागं सरकून बसला.

"भाभी, यात तर पेरणी होईल."

मी वाकून बघितलं. तारांवर, पंख्यावर, पंख्याखालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्यांवर धुळीचा मऊ, पिवळट थर बसला होता. आमच्या घरामागं डाळमिल होती. तुरीचा भुसा वाऱ्याबरोबर यायचा आणि कपड्यांवर, भांड्यांवर, उशांवर, जिथं मिळेल तिथं बसायचा. कॉम्प्युटरच्या पोटातही गेला होता म्हणायचा.

"त्यानंच बंद पडतोय का?" मी विचारलं.

"त्यानंच. हा बघा, पंख्याच्या खाली प्रोसेसर असतो. एवढासा, तिकिटाएवढा. पण सगळं डोकं तोच चालवतो, म्हणून तापतो. त्याची गर्मी या पट्ट्यांत येते, पंखा ती उडवतो. आता पट्ट्या बुजल्यात, आणि मधे जी पेस्ट असते तिचा वाळून चुना झालाय. गर्मी जाणार कुठं? एका लिमिटच्या पुढं गेली की तो स्वतःच सगळं बंद करून टाकतो. जळू नये म्हणून."

"बरं आहे त्याचं," मी म्हणाले.

तन्वीर हसला. मी गमतीनं बोलले नव्हते.

ही गोष्ट बार्शीची. तन्वीर बागवानचं स्टँडमागं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि हा जुना कॉम्प्युटर मी त्याच्याकडूनच घेतला होता. पुण्याच्या एका प्रकाशकाची शाळेची गाईडं मी घरी बसून टाइप करायची. दहावीचं गणित. अपूर्णांक, वर्गमुळं, समीकरणं, एकेक चिन्ह माउसनं शोधून बसवायचं. ते काम कुणाला नको असायचं, म्हणून माझ्याकडं आलं होतं.

नागनाथ, माझे मिस्टर, ट्रकच्या गॅरेजमध्ये हेडमिस्त्री होते. आदल्या वर्षी गाडीखाली असताना जॅक सरकला. जीव वाचला, कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून ते आतल्या खोलीत कॉटवर होते. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणायची, सकाळी डाळमिलमध्ये निवडायला जायच्या आणि दुपारी यायच्या. घरात आम्ही तिघंच. नळाचं पाणी, नागनाथांचं अंग पुसणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना सारखं कुशीवर वळवणं, औषधं, स्वयंपाक, आणि उरलेल्या वेळात टायपिंग. उरलेला वेळ म्हणजे खरं तर झोपेचा वेळ होता.

"पंखा कुठल्या अंगानं फिरतो रे?" आतून नागनाथांनी विचारलं. बाहेरच्या खोलीत टेबल होतं आणि मधल्या दाराला पडदा. प्लग तिकडच्याच भिंतीला असल्यामुळं सीपीयू एका स्टुलावर, पडद्याला पाठ लावून उभा असायचा. तन्वीरनं पडदा बाजूला केला.

"हवा आत कुठनं घेतो, बाहेर कुठनं टाकतो?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"बाजूच्या या जाळीतनं आत घेतो भाई, आणि मागच्या जाळीतनं गरम हवा बाहेर."

"म्हणजे रेडिएटरच झाला की."

"तसंच समजा."

कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात गॅरेजमधला मिस्त्री ऐकू आला. तन्वीरनं ब्रशनं धूळ काढली, जुनी पेस्ट खरवडून नवी लावली, पंखा बसवला. कॉम्प्युटर चालू केला तर पूर्वीचा घरघर आवाजसुद्धा गेला होता.

तो आठवडाभर छान चालला. मग पुन्हा बंद पडला.

दुपारची वेळ होती. मी एका उदाहरणाची शेवटची ओळ टाइप करत होते. पंख्याचा आवाज वाढत वाढत शिट्टीसारखा झाला आणि स्क्रीन काळी झाली. सेव्ह न केलेलं अर्धं पान गेलं. मी बटण दाबलं, चालू झाला, पुन्हा बंद. डब्यावर हात ठेवला तर चटका बसला.

"पडला का बंद?" आत्या आतून म्हणाल्या. "मग पड की जरा तू पण."

मला ते झोंबलं. कॉम्प्युटर घरात आला तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, असल्या डबड्यानं कुणाचं पोट भरत नसतं. मी मिलमध्ये त्यांच्या शेजारी बसून डाळ निवडावी असं त्यांचं म्हणणं होतं. आता डबडं बंद पडलं की त्यांना बरं वाटतंय, असं माझ्या मनानं घेतलं. पण मशीन थंड होईपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. चटईवर आडवी झाले, ती चहाची भांडी वाजली तेव्हाच जागी झाले. इतका वेळ वाया गेला म्हणून स्वतःवरच चिडले.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. सकाळी चांगला चालायचा, संध्याकाळी चालायचा. दुपारी मात्र तापायचा आणि बंद पडायचा.

तन्वीर पुन्हा आला. त्यानं झाकण उघडलं. आत धूळ नव्हती. नवी पेस्ट जागेवर होती. त्यानं पंखा बोटानं फिरवून बघितला आणि मग मागच्या जाळीतून चिमट्यानं काहीतरी ओढून काढलं.

"हे सुती दोरे कुठनं आले?"

"फडक्यानं पुसते मी."

"असं? बरं, पंखाच नवा टाकतो."

नवा पंखा टाकला. दुपारी बंद पडला. मग तन्वीर सीपीयू उचलून दुकानातच घेऊन गेला आणि दिवसभर चालू ठेवून बसला. संध्याकाळी परत आणून स्टुलावर ठेवला आणि घाम पुसत म्हणाला, "भाभी, माझ्या दुकानावर पण पत्राच आहे. माझ्याकडं पण एप्रिलच चालू आहे. एकदाही बंद पडला नाही."

"मग माझ्याकडंच का पडतो?"

"तेच कळत नाही. लाईटचा काही प्रॉब्लेम असेल." त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "तुमची तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरली आहे?"

त्याच आठवड्यात पुण्याहून बेहेऱ्यांचा फोन आला. ते प्रकाशकाकडं काम बघायचे. आवाज कधी चढवायचे नाहीत, पण बोललेलं फिरवायचेही नाहीत.

"बीजगणित शुक्रवारी हवंय. तुमची अडचण मला कळते, पण छपाई माझ्यासाठी थांबत नाही. जमणार नसेल तर आत्ताच सांगा. भूमिती तशीही मी दुसरीकडं द्यायचा विचार करतोय."

"जमेल सर."

"नक्की?"

"नक्की."

फोन ठेवला आणि टेबलाला धरून तशीच उभी राहिले. आत्या माझ्याकडं बघत होत्या.

"काय म्हणाला?"

"काम काढून घेईन म्हणाला. झालं समाधान?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि आत गेल्या. पडद्यामागं मायलेकांचं हळू आवाजात काहीतरी बोलणं चाललं. माझ्याविषयी चाललं असणार हे कळत होतं, पण जाऊन विचारायची ताकद नव्हती.

मी तन्वीरला गाठलं. त्यानं कॉम्प्युटरमध्ये एक छोटा प्रोग्रॅम घालून दिला. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसर किती तापलाय त्याचा आकडा दिसायचा.

"पन्नास-पंचावन्नच्या आत आहे तोवर चिंता नाही," तो म्हणाला. "सत्तरच्या वर चालला की उठा आणि सीपीयूच्या मागं हात धरा. गरम हवा जोरात येत असली तर पंखा काम करतोय. येत नसली तर मला बोलवा. बंद पडायच्या आधी बघायचं, नंतर बघून उपयोग नाही."

बुधवारी दुपारी मी कामाला बसले. बाहेर उन्हानं रस्ता ओस पडला होता. आत्या मिलमधून येऊन जेवल्या होत्या. आतल्या खोलीत टेबलफॅनची मान कुरकुरत फिरत होती. आकडा बावन्नवर होता. मी टाइप करत राहिले. डोळे मिटत होते, ते ताणून उघडे ठेवत होते. एका उदाहरणात एकच ओळ दोनदा टाइप केली, ती खोडली आणि परत तीच टाइप केली.

आकडा एकसष्ट झाला. मग पासष्ट. पंख्याचा आवाज चढायला लागला.

मी फाइल सेव्ह केली. अडुसष्ट. एकाहत्तर.

खुर्ची न वाजवता उठले. स्टुलापाशी गेले, सीपीयूच्या वरून हात मागं नेला, हवा येतेय का बघायला. हवा नव्हती. हाताला कापड लागलं, जाड, घडी घातलेलं, गरम झालेलं. मी ते ओढलं. ते आलं नाही. कुणीतरी पलीकडून धरलं होतं.

मी पडदा सरकवला.

आत्या स्टुलामागं जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. दोन्ही हातांनी जुन्या गोधडीची घडी मागच्या जाळीवर दाबून धरली होती, आणि तिचंच एक टोक बाजूच्या जाळीवर खोचलं होतं. चेहरा घामानं निथळत होता. मशीनच्या मागं बसून ती सगळी उष्णता त्या अंगावर घेत होत्या. मला बघून त्यांनी हात काढला नाही. पकडले गेल्यासारखं तोंडही केलं नाही. फक्त दमून माझ्याकडं बघत राहिल्या.

"आत्या," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "हे तुम्ही करताय? रोज?"

त्यांनी कपाळावरचा घाम खांद्याला पुसला.

"माझं काम चाललंय हातातलं. त्याच्यावर आपण खातोय. औषधं येतायत त्यांची. तुम्हाला मी नको असेन तर तोंडावर सांगा. हे असलं..."

"तिला बोलू नको," नागनाथ कॉटवरून म्हणाले. "मी सांगितलं तिला."

मी वळून बघितलं. ते उशीवर मान उंच करून माझ्याकडं बघत होते.

"काय सांगितलं?"

"जाळी बुजवायला. रेडिएटरपुढं पुठ्ठा लावला की इंजिन तापतं. तन्वीरनं दाखवलं ना त्या दिवशी, हवा कुठनं जाते, कुठनं येते. आईला काय कळतंय त्यातलं. मीच इथनं सांगायचो, अजून वर धर, बाजूचं पण झाक."

त्यांनी तोंड छताकडं केलं.

"त्या सोमवारचं आठवतंय तुला? दूध उतू गेलं होतं."

आठवत होतं. तन्वीर धूळ काढून गेला त्याच आठवड्यातला सोमवार. मी गॅसवर दूध ठेवून भिंतीला टेकून बसले होते. आत्यांनी खांदे गदागदा हलवून उठवलं, लिटरभर दूध घालवलं म्हणून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आरडाओरडा केला. पुढचं-मागचं दार सताड उघडं होतं आणि बाहेरून गरम वारा घरात येत होता. दुधासाठी एवढं बोलावं का, म्हणून मी त्यांच्याशी दोन दिवस धड बोलले नव्हते.

"दुधानं गॅस विझला होता," नागनाथ म्हणाले. "पण बटण चालूच होतं. मला इथं वास आला. मी हाक मारली. तू ओ दिली नाहीस. मी परत हाक मारली. नंतर हाकाच मारत राहिलो. घसा बसला. तू उठली नाहीस. मला वाटलं, तू..." ते थांबले. "खाली पडायचा प्रयत्न केला. म्हटलं सरपटत जाईन. तेसुद्धा जमलं नाही मला."

"मी मिलमधनं आले तर घरभर वास," आत्या म्हणाल्या. पहिल्यांदाच बोलल्या. "देवापुढचा दिवा वाऱ्यानं विझला होता सकाळीच, म्हणून वाचलो. बटण बंद केलं, दारं उघडली, मग तुला हलवलं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगून काय केलं असतंस? कामं कमी झाली असती तुझी?" त्या गोधडीची घडी उलगडायला लागल्या. "नुसती भीती लागली असती जिवाला. होती नव्हती तीही झोप गेली असती. दुधासाठी ओरडले, ते तुझ्या लक्षात राहील म्हणून. गॅसपाशी बसायची नाहीस परत, एवढंच."

"दोनदा तुला म्हटलं मी," नागनाथ म्हणाले, "दुपारी पडत जा जरा. तू म्हणालीस, पडायला वेळ कुणाला आहे. आता त्यावर मी काय बोलणार? घरात पडून तर मीच आहे."

त्यांचा आवाज अजिबात हलला नाही. कॉटवर दोन्ही हात त्यांनी सरळ ठेवले होते. ते हात अजून मिस्त्रीचेच होते, रुंद, जाड बोटांचे.

बाहेरच्या खोलीत पंख्याचा आवाज उतरत चालला होता. जाळी मोकळी झाली होती.

"माझं काम गेलं असतं," मी म्हणाले. राग अजून होता. तो इतक्यात जाणारा नव्हता. "शुक्रवार हातातनं गेला असता ना, तर बेहेऱ्यांनी परत कधी फोन केला नसता. हे कळत होतं का तुम्हाला?"

"कळत होतं."

"मग?"

"काम गेलं तर दुसरं बघता येतं," ते म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले. गॅसचं बटण बंद होतं. मी ते चालू केलं, बंद केलं, पुन्हा हात लावून बघितलं. मग तिथंच खाली बसले. त्या सोमवारी बसले होते त्याच जागी. इथून कॉट किती लांब होती ते बघितलं. लांब नव्हतीच. आठ-दहा पावलांवरून माणूस घसा फुटेस्तोवर हाका मारत होता आणि मला ऐकू आलं नव्हतं. आत्या आल्या, शेजारी बसल्या. जवळ घेणं वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी तांब्या पुढं केला.

"पाणी पी," म्हणाल्या. "आणि रडायचं असलं तर इथंच रड. त्याच्यापुढं नको."

संध्याकाळी मी बेहेऱ्यांना फोन लावला. म्हटलं, बीजगणित सोमवारी देते, शुक्रवारी होणार नाही. आणि इथून पुढं मला निम्मंच काम द्या.

"घरी काही झालंय का?" त्यांनी विचारलं.

"झालं नाही. होता होता राहिलंय."

त्यांनी आणखी विचारलं नाही. भूमिती त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी दिली. ते काम मला परत कधीच मिळालं नाही. त्या वर्षी आम्ही तिघंही जरा काटकसरीनं जेवलो. आत्या जास्त, असा मला संशय होता.

तन्वीरला मी खरं काय ते सांगून टाकलं. त्यानं ऐकून घेतलं, दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला आणि म्हणाला, "मी उगाच पंखा बदलला." जाताना मात्र आतल्या खोलीत डोकावून नागनाथांना म्हणाला, "भाई, दुकानात या एकदा. बिघाड शोधणारे पुष्कळ आहेत माझ्याकडं, करणारा एकही नाही." नागनाथ हसले. अपघातानंतर ते असे खळखळून हसलेले मी पहिल्यांदाच ऐकले.

दुपारी झोपायचं ठरलं, पण ठरवून झोप येत नाही. पहिले काही दिवस मी नुसती चटईवर पडून छताचे पत्रे बघायची. अर्धवट राहिलेली पानं डोळ्यांपुढं यायची. मग एक दिवस नागनाथ म्हणाले, "ते टेबल इकडं सरकव. की-बोर्ड माझ्या पोटावर येईल असं काहीतरी कर."

"कशाला?"

"एवढी वर्षं मी नटबोल्ट हुडकले. अक्षरं हुडकायला काय अवघड आहे?"

आत्यांनी आणि मी टेबल ओढून कॉटला लावलं. तन्वीरनं वायर वाढवून दिली. पोळपाटावर की-बोर्ड ठेवून तो त्यांच्या मांड्यांवर आडवा टेकवला. पाठीमागं उशा लावल्या. कच्च्या लिखाणाचा कागद आत्यांनी त्यांच्यासमोर हातात धरला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून पहिल्यांदा उलटा धरला.

मी बाहेरच्या खोलीत जाऊन आडवी झाले. पडदा ओढलेला होता. पलीकडून एक टक आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक टक. पहिलं उदाहरण पूर्ण व्हायला किती दुपारी लागणार होत्या, देव जाणे. पुढं ते माझ्यापेक्षा चांगली समीकरणं बसवायला लागले, बेहेऱ्यांनी फोनवर त्यांचं नाव घेऊन काम दिलं, हे सगळं नंतरचं. त्या दिवशी नुसती शोधाशोध होती.

"म कुठं गेला?" नागनाथ पुटपुटले.

"मला काय ठाऊक. हळू बोल."

टक.

"बघ गं, झोपली का ती?"

पडदा किंचित हलला. मी डोळे मिटून घेतले आणि श्वास एकसारखा ठेवला. आत्या दारात थोडा वेळ उभ्या होत्या, ते मिटल्या डोळ्यांनीही कळत होतं.

"झोपली," त्या परत जात म्हणाल्या. "बटणं हळू दाब."